ख्रिस्ती विश्वास आणि मोठं होण्याची इच्छा: विदर्भातल्या गावांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, अमरावती, वाशीम, चंद्रपूर या भागांतल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये तरुण पोरं-पोरी आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तर देणारा पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नाही. शेतकरी घरातून आलेला आणि बरीच वर्षं युवक संघात या मुलांसोबत बसणारा एक साधा विश्वासणारा आहे. पवित्र शास्त्रातले संदर्भ जागोजागी दिले आहेत. ते घरी उघडून वाचा आणि माझं म्हणणं त्यांच्याशी ताडून पाहा.

मोठं होण्याची इच्छा धरणं पाप आहे का?

नाही. जिथे ख्रिस्ताचं नावही कोणी ऐकलेलं नाही तिथे जाऊन सुवार्ता सांगण्याची आस आपल्याला होती, असं पौल स्वतः लिहितो (रोमकरांस १५:२०). मत्तयाच्या २५व्या अध्यायात धनी रागावतो तो मिळालेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासावर. ज्यांनी तो व्यापारात घालून वाढवला त्यांना शाबासकी मिळते. पुरून ठेवण्याचं कारणही तो दास सांगतो: भीती वाटली. आपल्याकडे ही भीती फार ओळखीची आहे. "बाबू, आपल्या ऐपतीचं पाह्य" असं पोराला लहानपणापासून ऐकवलं जातं, आणि पुढे त्यालाच नम्रता हे नाव मिळतं. मला ते मान्य नाही.

पण शास्त्र सावधही करतं. 'आपलं नाव करू' म्हणून बाबेलचा बुरूज उभा राहायला लागतो (उत्पत्ती ११). लूकाच्या १२व्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी तर आपल्या अगदी जवळचा. त्याच्या जमिनीला भरघोस पीक आलं, यात त्याचा काही दोष नाही. दोष त्याच्या बोलण्यात दिसतो. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. पेरणारे, निंदणाऱ्या बाया, पाऊस देणारा देव, यांतलं कोणीही त्याच्या हिशेबात नाही.

ही इच्छा देवाकडून आहे की माझ्या मीपणातून, हे ओळखायचं कसं?

मार्क १०:३५-४५ वाचा. याकोब आणि योहान हे जब्दीचे मुलगे येशूकडे येऊन सरळ मागतात: तुझ्या राज्यात आम्हाला उजव्या आणि डाव्या बाजूला बसव. बाकीचे दहा जण चिडतात, बहुधा आपल्याला हे आधी का सुचलं नाही म्हणून. येशू मात्र या दोघांना 'मोठं होण्याचा विचार सोडा' असं म्हणत नाही. तो विचारतो, मी जो प्याला पिणार आहे तो तुमच्याने पिववेल का? मग सगळ्यांना जवळ बोलावून सांगतो की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. ज्याला मोठं व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं. आणि शेवटी स्वतःबद्दल बोलतो: मनुष्याचा पुत्र पुष्कळांच्या खंडणीसाठी आपला जीव द्यायला आला.

यातून मला एक प्रश्न मिळाला, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तो येईल. या मोठेपणाची किंमत कोण मोजणार आहे? जगातला मोठेपणा किंमत दुसऱ्याकडून वसूल करतो, ख्रिस्ताने ती स्वतः भरली. तुमचं स्वप्न कितीही चांगलं असो, फौजदार व्हायचं असो, डॉक्टर व्हायचं असो की पाळक व्हायचं असो. त्याचं ओझं आईच्या गळ्यातल्या पोतीवर, बहिणीच्या शाळेवर, मजुराच्या मजुरीवर पडत असेल, आणि त्या माणसाला कोणी विचारलेलंही नसेल, तर थांबा. घरच्यांनी समजून-उमजून, आनंदाने दिलं तर ती गोष्ट वेगळी. त्याला प्रीती म्हणतात, आणि ती घेतानाही जीव थोडा चरकला पाहिजे.

दुसरी एक खूण लहान आहे, पण चुकत नाही. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागणार नसेल, व्हॉट्सअॅपवर कोणी स्टेटस ठेवणार नसेल, तरी तुम्हाला ते काम करायचं आहे का?

पाळक म्हणतात 'समाधानी राहा'. गरिबाला हे सांगणं बरोबर आहे का?

कोण सांगतो आणि कोणत्या पोटाने सांगतो, यावर ते अवलंबून आहे. 'असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो' हे पौलाने कैदेत असताना लिहिलं (फिलिप्पैकरांस ४:११), स्वतःच्या भुकेबद्दल लिहिलं. दुसऱ्याला गप्प बसवायला ते वाक्य त्याने कधी वापरलं नाही. करिंथात तो तंबू शिवून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३), आणि यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गावोगावच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करत होता. उघड्या-उपाशी भावाला नुसतं 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून वाटेला लावण्यात काय लाभ, असं याकोब सरळ विचारतो (याकोब २:१५-१६).

आपल्या भागात मंडळी रुजली तीही गरिबाला 'आहे तिथेच राहा' असं सांगून रुजलेली नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आले. त्यांनी शाळा काढल्या, आणि सुवार्ता सांगत फिरताना नागपूरच्या आसपासचे खडक आणि त्यांतले जीवाश्म इतक्या बारकाईने अभ्यासले की भूगर्भशास्त्रात त्यांचं नाव आजही घेतलं जातं. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पाण्याच्या लोंढ्यात ते बुडाले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उभा राहिला, वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल झालं. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांची मुलं शिकावीत, त्यांच्या जखमा कोणीतरी धुवाव्यात, ही मोठी आकांक्षा होती. आज त्याच शाळांत शिकलेल्यांच्या नातवंडांना 'एवढं कशाला पाहिजे' म्हणणं मला पटत नाही.

समाधान हवंच, पण ते मिळालेल्या गोष्टींबद्दल. अन्यायाबद्दल समाधान मानायला शास्त्र कुठेही सांगत नाही.

कन्व्हेन्शनमध्ये एक वक्ते म्हणाले, 'देव तुम्हाला मस्तक करील, पुच्छ करणार नाही. विश्वासाने बी पेरा'. आम्ही पैसे दिले. आता नोकरी नक्की लागेल ना?

अशी हमी देवाने दिलेली नाही. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातलं ते वचन कराराखालच्या एका राष्ट्राला, आज्ञापालनाच्या अटीवर दिलेलं आहे, आणि त्याच अध्यायातला पुढचा मोठा भाग शापांचा आहे, तो मंडपात कोणी वाचून दाखवत नाही. यिर्मया २९:११ची तीच गत. 'तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत' हे बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलं होतं, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलं आहे. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यांतले बरेच जण परत जाईपर्यंत जगलेही नसतील. पण तोवर घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा, असं ते पत्र सांगतं.

दान द्या, जरूर द्या. पण त्यावर परतावा मागू नका. आणि खरिपाच्या बियाण्याचे पैसे मंडपात टाकायला लावणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

मुलाच्या नीटच्या क्लाससाठी वावर गहाण ठेवावं का?

हा प्रश्न बापाच्या तोंडून येतो तेव्हा बऱ्याचदा निर्णय झालेला असतो आणि त्याला फक्त प्रार्थना हवी असते. तरी मी म्हणतो, आधी कागद घ्या. 'बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज कोण करत नाही?' हे येशूने विचारलेलं आहे (लूक १४:२८).

एका घरी असाच हिशेब मांडला. कागद म्हणून कृषी केंद्राच्या बिलाची पाठकोरी बाजू घेतली. डाव्या रकान्यात खर्च लिहिला: क्लासची फी, होस्टेल, मेस, येण्या-जाण्याचं भाडं, पुन्हा एक वर्ष बसावं लागलं तर तेवढंच परत. उजव्या रकान्यात 'कोण देणार' असं लिहून बापाने नावं टाकायला सुरुवात केली. स्वतःचं नाव टाकलं, पुढे लिहिलं दोन एकर. बायकोचं नाव, पुढे पोत. मग बारावीला असलेल्या मुलीचं नाव आलं. तिच्यापुढे 'लग्न पुढल्या उन्हाळ्यात' असं लिहिलं, म्हणजे तिच्या शिकण्याचा खर्च वाचेल. ती दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, माह्या नावापुढे काय लिवलं ते मले विचारलं का?" बापाने पेन खाली ठेवला. त्या रात्री ठरलं की मुलगा जिल्ह्याच्या गावी राहून एक वर्ष तयारी करेल, नाही जमलं तर बी.एस्सी.ला जाईल, आणि मुलीचंही शिक्षण चालू राहील. वावर गहाण पडलं नाही. मुलगा नाराज झाला, हेही सांगायला हवं.

माझं मत असं: वार्षिक उत्पन्नातून, बचतीतून किंवा बँकेच्या कर्जातून जे झेपतं ते करा. पोट भरणारी जमीन एका परीक्षेवर लावू नका, कारण जमीन गेली तर पुढच्या भावंडांचा हक्कही जातो. कॉलेजला प्रवेश मिळाल्यावर बँकेकडून साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारी पतहमी योजनेखाली तारण न ठेवता मिळू शकतं, आणि त्याची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. ख्रिस्ती कुटुंबांना मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करता येते. परवाना नसलेल्या सावकाराकडे जाऊ नका. राज्यात २०१४च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे, आणि कोऱ्या कागदावर सही मागणारा माणूस तुमच्या मुलाच्या भल्यासाठी आलेला नसतो.

आणि मुलालाही विचारा. डॉक्टर व्हायची आकांक्षा त्याची आहे की तुमची? बापाचं राहून गेलेलं स्वप्न पोराच्या डोक्यावर ठेवलं की किंमत पोर मोजतो.

रविवारी परीक्षा असते, क्लास असतो, वेचणी असते. उपासना चुकली तर पाप लागेल का?

एमपीएससीची परीक्षा रविवारी आली तर जा, पेपर लिही, संध्याकाळी घरी शास्त्र वाचून प्रार्थना कर. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे प्रभूचंच वचन आहे (मार्क २:२७). विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही वर काढतातच, हेही त्यानेच म्हटलं (लूक १४:५). फुटलेला कापूस वावरात उभा आहे आणि आभाळ भरून आलंय, तेव्हा वेचायला गेलेल्या घराला मंडळीत कोणी टोमणा मारू नये.

पण दोन वर्षं रोज क्लास, रविवारी टेस्ट सिरीज, सणावारी अभ्यासिका, आणि 'लागलो की मग देवाकडे बघू', ही वेगळी गोष्ट झाली. असं म्हणणारी बरीच मुलं मी पाहिली. नोकरी लागल्यावरही ती मोकळी होत नाहीत, कारण मग बढती असते, बदली असते, प्लॉट असतो. सवय ज्या वयात पडते त्या वयात जे सोडलं ते पुढे आपोआप परत येत नाही. आठवड्यातला एक दिवस पूर्ण नसेल जमत तर एक वेळ ठरवा आणि ती अभ्यासाच्या तक्त्यात लिहा. पोलीस भरतीची तयारी करणारी आमची पोरं पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारतात, तेव्हा घड्याळ हातात धरून एक मिनिटही वाया जाऊ देत नाहीत. वेळ काढता येतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

वावर ज्यांचं आहे त्यांना आणखी एक सांगणं. तुम्ही उपासनेला बसला आहात आणि तुमच्या वावरात बाया किलोच्या भावाने वेचत आहेत, तर विसाव्याचा दिवस फक्त मालकाचा झाला. चौथी आज्ञा दास, दासी आणि बैल यांचीही नावं घेते (अनुवाद ५:१४).

मला नर्सिंग करून बाहेर जायचंय. घरचे म्हणतात, मुलीला एवढी हाव बरी नाही.

मुलाने तेच म्हटलं की त्याला जिद्द म्हणतात. शास्त्र असा भेद करत नाही. थुवतीरा नगराची लुदिया जांभळ्या कापडाचा व्यापार करत होती. तिने विश्वास ठेवला आणि आपलं घर पौल व त्याच्या सोबत्यांना उघडून दिलं (प्रेषितांची कृत्ये १६:१४-१५). फिबीने कितीतरी जणांना मदत केली, मलाही केली, अशी साक्ष पौल देतो (रोमकरांस १६:१-२). मिशनच्या दवाखान्यांतून नर्स होऊन बाहेर पडलेल्या बायांच्या पगारावर आपल्याकडची कितीतरी घरं उभी राहिली, हे मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा.

घरच्यांशी भांडण्याआधी एकदा त्यांची भीती ऐकून घे. बहुतेक वेळा ती पोरीच्या सुरक्षिततेची असते आणि ती खोटी नसते. म्हणून कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते तपास. परदेशी जायचं झालं तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघ. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नकोस. 'ब्रदर आपल्याच मंडळीचा आहे' ही काही नोंदणी नव्हे.

मला लिहायची, गाण्याची आवड आहे. ती फक्त मंडळीतच वापरायची का?

नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असताना एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचा संवाद झाला आणि त्याने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कवी म्हणून नाव होतं ते त्यांनी पुसून टाकलं नाही. भजनंही लिहिली आणि फुलापाखरांवर, मुलांवरही कविता लिहिल्या. तेव्हा खुशाल लिही, खुशाल गा. पण टिळकांच्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. थोर माणसाच्या चरित्रातही ही दुसरी बाजू वाचायला हवी, असं मला वाटतं.

जातीच्या दाखल्यासाठी विश्वास लपवला तर चालेल का?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, म्हणून इथे उघड लिहितो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती झालेला गोंड किंवा कोरकू मुलगा आपला दाखला गमावत नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात म्हटलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती राहून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं ही संविधानाची फसवणूक आहे.

हा नियम मला अन्यायाचा वाटतो. बाप्तिस्म्याने विहिरीवरची वागणूक बदलत नाही, आणि गाव आडनाव विसरत नाही. तो बदलावा म्हणून बोलायला, अर्ज करायला, कोर्टात जायला प्रत्येक ख्रिस्ती माणूस मोकळा आहे. केंद्राने २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. पौलानेही फटके पडायच्या वेळी आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं (प्रेषितांची कृत्ये २२:२५). हक्क मागणं विश्वासाच्या आड येत नाही.

पण प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहू नका. त्या नोकरीची किंमत मग आयुष्यभर चुकवत राहावं लागतं. उपासनेला यायला भीती, मुलाच्या बाप्तिस्म्याला भीती, आईच्या अंत्यविधीला कोणत्या पद्धतीने न्यायचं याची भीती. आणि पडताळणीत पकडले गेलात तर नोकरी जाते ती वेगळीच. तुमच्या घरची नेमकी स्थिती काय, तुमचा बाप्तिस्मा झाला आहे का, कोणत्या सवलतीला तुम्ही खरोखर पात्र आहात, हे जाणत्या वकिलाला विचारा. ख्रिस्ती हे अधिसूचित अल्पसंख्याक आहेत. त्या नात्याने मिळणाऱ्या योजना बऱ्याच घरांना माहीतच नसतात. ज्या घरांनी पूर्वीच दुसरा रस्ता धरला त्यांना मंडळीत हिणवू नका. पोटाच्या आगीपुढे ते झुकले, आणि तेव्हा आपण कोणीही त्यांच्या मदतीला गेलो नव्हतो.

धंदा वाढवायचा तर थोडं इकडे-तिकडे करावंच लागतं. सगळेच करतात.

एका तरुणाने कृषी केंद्र टाकलं. युरियाच्या पोत्यासोबत शेतकऱ्याला नको असलेली बाटली गळ्यात मार, असं वरून सांगणं होतं. जूनमध्ये चोरबीटीचं, म्हणजे मान्यता नसलेल्या कापूस बियाण्याचं, पाकीट मागायला गिऱ्हाईक दारात उभं राहायचं, आणि नाही म्हटलं की पलीकडच्या दुकानात जायचं. त्याने दोन्ही नाकारलं. पहिल्या हंगामात धंदा बसला. आज त्याचं दुकान चालू आहे, पण लहान आहे; पलीकडचं दुमजली झालं. देवाने त्याला लगेच भरपाई दिली असं मी लिहिणार नाही, कारण तसं घडलेलं नाही.

शेतकऱ्यालाही हाच नियम लागू. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर कापसात आठ ते बारा टक्के ओलावा चालतो, म्हणून गाडी भरताना वरच्या थराखाली पाणी मारायचं, आणि काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र शिव्या द्यायच्या. खोटा काटा परमेश्वराला घृणास्पद आहे (नीतिसूत्रे ११:१), मग तो कोणाच्याही हातात असो.

तीन वेळा प्रयत्न केला, भरती लागली नाही. देवाने मला नाकारलं का?

नाही. तुला एका जागेने नाकारलं. दावीदाला देवासाठी मंदिर बांधायचं होतं. इच्छा चांगली होती, देवाने तसं म्हटलंही, तरी बांधू दिलं नाही (१ राजे ८:१८-१९). मग दावीदाने काय केलं ते १ इतिहास २२ मध्ये वाच. सोनं, तांबं, लोखंड, गंधसरूची लाकडं, घडवलेले दगड, सगळं गोळा करून शलमोनाच्या हाती दिलं. आपलं अपुरं राहिलेलं काम त्याने दुसऱ्यासाठी सोपं केलं. आमच्याकडे भरतीतून बाहेर पडलेला एक जण आता गावातल्या लहान पोरांकडून गोळाफेक करून घेतो. गोळा कसा धरायचा हे त्याला स्वतःच्या तीन भरत्यांमधून कळलं आहे.

वय निघून जाण्याआधी एक तारीख ठरव. किती प्रयत्न करायचे ते घरच्यांसोबत बसून नक्की कर. प्रयत्न थांबवणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे.

आणि मन फार अंधारात गेलं असेल, जगून काय करू असं वाटत असेल, तर ही गोष्ट एकट्याने प्रार्थनेत सोसायची नाही. लगेच कोणाला तरी सांग: आई, मित्र, पाळक. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. एलिया थकून झुडपाखाली मरण मागत बसला तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि भाकर दिली, उपदेश केला नाही (१ राजे १९). मंडळीतल्या मोठ्यांनी हे लक्षात ठेवावं. 'तुझा विश्वास कमी पडला' हे वाक्य अशा पोरासमोर उच्चारू नका. ज्या जिल्ह्यांमध्ये इतक्या घरांतून माणसं गेली, तिथे तर मुळीच नाही.

मंडळीच्या कमिटीत निवडून यायची इच्छा धरली तर?

धरा. पण निवडणुकीआधी सतरंज्या घालायला, आजाऱ्याच्या घरी जायला तुम्ही येत होता का, हे लोकांना माहीत असतं. पुढे पुढे करण्याची हौस असलेला दियत्रफेस मंडळीचं काय करतो ते ३ योहान मध्ये आहे.

सरकारी नोकरी लागली. पहिल्या पगारातून दशमांश (दहावा भाग) मंडळीला द्यायचा की घरचं कर्ज फेडायचं?

देवाला वाहिलं म्हणून आईबापांना द्यायला काही उरलं नाही, असं म्हणणाऱ्यांना येशूने फार कडक शब्दांत सुनावलं आहे (मार्क ७:९-१३). तुमच्या शिक्षणासाठी आईने पोत मोडली असेल, भावाने शाळा सोडली असेल, तर त्यांचं देणं आधी येतं. ते फेडणं हीसुद्धा देवाचीच आज्ञा पाळणं आहे. तोवर अर्पणात जे आनंदाने जमेल ते टाका, थोडं असलं तरी. पाळकांना परिस्थिती मोकळेपणाने सांगा; समजूतदार पाळक समजून घेतात.

भावाला विचारा, त्याला परत शिकायचं आहे का. मुक्त विद्यापीठाचे प्रवेश वयाने अडत नाहीत, आयटीआय आहे, तालुक्याच्या गावी संगणकाचे कोर्स आहेत. त्याला आता शिकायचं नसेल आणि वावरात विहीर हवी असेल, तर विहिरीला पैसे द्या. काय हवं ते त्याचं त्याला ठरवू द्या.